आपलं शिवार संगणकात उभं करायचंय; सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

२०२५ च्या मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ हे दृकश्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राचं जागतिक संमेलन झालं आणि अ‍ॅनिमेशन, गेमिंग, व्हीएफएक्स हे शब्द एकदम घरोघरी पोचले. त्याच वर्षी राज्य सरकारनेही या क्षेत्रासाठी वेगळं धोरण मंजूर केलं. त्यानंतर आमच्या तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकायला येणाऱ्या पोरापोरींचे प्रश्नच बदलले. आधी टॅली आणि टायपिंगचं विचारायचे. आता मोबाइलवर एखादा व्हिडिओ समोर धरतात आणि म्हणतात, “सर, पाहा ना, दोन मिनिटांत अख्खा पहाड बनवून राहिला. कोणतं सॉफ्टवेअर आहे हे? मी कोणतं शिकू?”

मग नावं निघतात. टेराजेन, व्ह्यू, वर्ल्ड मशीन, गाया, वर्ल्ड क्रिएटर, ब्लेंडर, अनरियल. प्रत्येकाची जाहिरात देखणी, आणि प्रत्येकाचे भक्त आपलंच खरं म्हणणारे. नवीन शिकणाऱ्याने यातून काय समजून घ्यायचं?

‘सगळ्यात चांगलं कोणतं’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा, असं मी सांगतो. तीन गोष्टी ठरवा. शेवटी हातात काय हवंय? जमीन कल्पनेतली हवी की खरी? आणि केलेलं काम एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात नेता येतं का? तिसऱ्या गोष्टीकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे.

संगणकाला डोंगर कसा कळतो?

संगणकाला डोंगर, नाला, धुरा यातलं काही कळत नाही. त्याला आकडे कळतात. जमिनीवर बारीक चौकोनांची जाळी टाकली आहे असं समजा. जाळीच्या प्रत्येक गाठीला एक आकडा असतो, त्या जागी जमीन किती उंच आहे तो. हे सगळे आकडे एका करड्या चित्रात साठवतात. उंच जागेचा ठिपका पांढरा, खोल जागेचा काळा, मधल्या उंचीचा करडा. या चित्राला हाइटमॅप म्हणतात. वर घेतलेल्या नावांपैकी प्रत्येक सॉफ्टवेअरला हाइटमॅप वाचता येतो, म्हणून हा एक शब्द नीट लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं होतं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. साध्या ८ बिटच्या करड्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा असतात. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि खालचं वऱ्हाडचं मैदान त्याच्यापेक्षा साधारण ७०० मीटर खाली. ही ७०० मीटरची चढण २५६ छटांमध्ये बसवली, तर एका छटेपासून पुढच्या छटेपर्यंत पावणेतीन मीटरची उडी पडते. मेळघाटचा उतार मग गुळगुळीत येत नाही, त्याला पायऱ्या पडतात. तीच फाईल १६ बिटमध्ये ठेवली तर ६५,५३६ छटा मिळतात आणि एक पायरी जेमतेम एक सेंटीमीटरची होते. म्हणजे महागडं सॉफ्टवेअर घेऊन ८ बिटची फाईल वापरणाऱ्याचा डोंगर, फुकटच्या सॉफ्टवेअरात १६ बिटची फाईल वापरणाऱ्यापेक्षा वाईटच दिसणार.

हाइटमॅपची एक मर्यादाही सांगून टाकतो. एका गाठीला एकच उंची असते, त्यामुळे गुहा किंवा पुढे झुकलेली कपार त्यात मावत नाही. ती वेगळी घडवून नंतर बसवावी लागते.

मग ही सॉफ्टवेअरं नेमकं करतात काय?

कापसाचं उदाहरण घेऊ. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथे सरकी बाजूला होऊन रुई निघते. सूतगिरणीत रुईचं सूत होतं आणि मागावर सुताचं कापड. जिनिंग चांगली की माग चांगला, असा वाद कोणी घालत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र नेमका हाच वाद चाललेला असतो. वर्ल्ड मशीन आणि गाया जमिनीचा आकार घडवतात, म्हणजे त्यांचं काम सुरुवातीचं. टेराजेनची खरी ताकद शेवटच्या कामात आहे, आकाश, ढग, ऊन यांसकट पूर्ण चित्र तयार करण्यात. संगणकाने हिशोब करून असं पक्कं चित्र काढणं याला रेंडर करणं म्हणतात. अनरियल इंजिन जमिनीवर माणसाला चालवतं, पळवतं, म्हणजे खेळ बनवतं. ब्लेंडरला यातलं प्रत्येक काम थोडं थोडं येतं. त्यामुळे ‘टेराजेन की गाया’ हा प्रश्न बऱ्याचदा चुकीचा असतो. अनेक कलाकार दोन्ही वापरतात, एकानंतर एक.

आकार घडतो कसा? निव्वळ यादृच्छिक आकडे जाळीत भरले तर जमीन काट्याकुट्यांची होते. केन पर्लिन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८५ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात आकडे अनपेक्षित असतात, पण शेजारच्या आकड्याशी जुळवून घेत हळूहळू बदलतात. आधी मोठे उंचवटे, त्यांच्यावर लहान, त्यांच्यावर अजून लहान, असे थर चढवले की जमिनीसारखी जमीन दिसायला लागते. पुढे १९९७ मध्ये या कामाबद्दल पर्लिन यांना ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पण एवढ्याने डोंगर खरा वाटत नाही, कारण त्यावर पाणी वाहिलेलं नसतं. म्हणून सॉफ्टवेअर पाऊस पाडतं. एक थेंब जमिनीवर सोडायचा. तो उताराने खाली धावतो, वेग असेल तेवढी माती उचलतो, उतार कमी झाला की ती टाकतो. असे लाखो थेंब सोडले की ओघळी पडतात, ओघळींचे नाले होतात आणि पायथ्याशी गाळ साचतो. कास्तकाराच्या घरातल्या पोराला हे शिकवावंच लागत नाही. मृगाच्या जोरदार पावसात उताराच्या वावरातली माती धुऱ्याशी कशी येऊन बसते, हे त्याने पाहिलेलं असतं. झिजेचे हे आकडे कमीजास्त करताना आमची पोरं शहरातल्या पोरांपेक्षा लवकर योग्य जागी येतात, हे मी वर्गात पाहिलंय आणि त्याचा मला अभिमान आहे.

गाया, वर्ल्ड मशीन ही सॉफ्टवेअरं नोडवर चालतात. नोड म्हणजे एका कामाचा एक चौकोन. एक चौकोन उंचवटे करतो, दुसरा पाऊस पाडतो, तिसरा पायऱ्या कोरतो आणि ते रेषांनी जोडलेले असतात. फायदा असा की पहिल्या चौकोनात बदल केला तरी पुढचं सगळं काम आपोआप नव्याने होतं. सुरुवातीला हा पसारा पाहून घाबरायला होतं, पण दोन-चार चौकोन जोडले की भीती मोडते.

चित्र हवं, खेळ हवा, की खरी जमीन?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

चित्र किंवा छोटी चित्रफीत हवी असेल, पहाटेचं धुकं, ढगांतून येणारी तिरीप असं काही मनात असेल, तर टेराजेन पाहा. प्लॅनेटसाइड या ब्रिटिश कंपनीचं हे सॉफ्टवेअर आहे. त्यात अख्खा ग्रह उभा करता येतो, त्यामुळे क्षितिज आणि वातावरण फार खरं येतं. बिनव्यावसायिक वापरासाठी फुकट आवृत्ती मिळते, तिच्यावर मर्यादा आहेत. रेंडर करायला ते मुख्यतः संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर वापरतं, वेगळं महाग ग्राफिक्स कार्ड अडवून बसत नाही. वेळ मात्र भरपूर घेतं.

खेळ बनवायचा असेल तर अनरियल किंवा युनिटी. अनरियलचा डाऊनलोड काही दहा-वीस जीबींच्या घरात जातो, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर तो विचार करू नका. आणखी एक अडचण अशी की अनरियलला जाळीचे ठरावीक आकार आवडतात. १००९, २०१७, ४०३३ अशा गाठींची फाईल दिली की ती बरोबर बसते. १०००ची गोल आकड्याची फाईल दिली तर कडेला गोंधळ होतो. शिकणारे यावर तासन् तास घालवतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात, म्हणून आधीच सांगतो.

जमिनीचा आकारच मनासारखा कोरायचा असेल तर गाया किंवा वर्ल्ड मशीन. दोन्ही विंडोजवर चालतात. गाया दिसायला नवं आणि हाताळायला सुखाचं आहे. वर्ल्ड मशीन जुनं, दमदार, जरा रुक्ष. वर्ल्ड क्रिएटर हे जर्मन सॉफ्टवेअर बदल लगेच डोळ्यांसमोर दाखवतं, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. या तिघांत मी आमच्या पोरांना आधी गाया लावून देतो, कारण झीज कशी होते ते त्यात पटकन दिसतं.

आणि खरी जमीन हवी असेल, आपल्या गावचं शिवार, आपली पाणलोट, तर वरच्या कशाहीआधी क्यूजीआयएस शिका. हे नकाशांचं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातून हाइटमॅप काढायचा आणि ब्लेंडरमध्ये उभा करायचा. ग्रामीण विदर्भातल्या बहुतेकांसाठी मी हीच जोडी सुचवतो.

आपला डोंगर आल्प्ससारखा नसतो

या सॉफ्टवेअरांमध्ये तयार नमुने असतात आणि त्यातले बरेचसे टोकदार, बर्फाळ शिखरांचे असतात. नवखा तेच उचलतो आणि त्याच्या ‘विदर्भात’ युरोप दिसायला लागतो.

पश्चिम विदर्भातली जमीन लाव्हाच्या थरांनी झाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर पसरले, थंड झाले आणि त्यातून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. म्हणून बुलडाणा, वाशीम, यवतमाळकडच्या टेकड्या माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्यांच्या असतात. हे सॉफ्टवेअरात असं आणायचं : आधी मोठे, मऊ उंचवटे घ्या. त्यांचे माथे एका उंचीवर कापून सपाट करा. मग पायऱ्या पाडणारा नोड लावा, पण पायऱ्यांची उंची सारखी ठेवू नका, कारण लाव्हाचे थर सारख्या जाडीचे नसतात. त्यानंतर पाऊस, तोही हलका. शेवटी पायथ्याशी घसरलेल्या दगड-मुरमाचा उतार द्या. इतकं केलं की गावातला कोणीही म्हणतो, “अरे, हे तर आपल्याकडचं बरड.”

पूर्वेला गडचिरोलीकडे गेलात की खडक वेगळा. तो फार जुना, झिजून गोलाई आलेला. तिथे पायऱ्यांचा नोड काढूनच टाका. गोंदिया-भंडाऱ्यात तर डोंगरापेक्षा पाणी महत्त्वाचं. मालगुजारी तलाव आणि त्यांच्याखाली धानाच्या बांध्या. बांध्यांचे छोटे छोटे सपाट तुकडे कुठलंच सॉफ्टवेअर स्वतःहून करत नाही, ते हातानेच आखावे लागतात.

झाडांचंही तसंच. तयार संग्रहात पाइन आणि ओक भरपूर, पण पळस, मोह, तेंदू शोधावे लागतात किंवा स्वतः घडवावे लागतात. ब्लेंडरमध्ये खोड-फांद्या तयार करणारं फुकट जोडसाधन आहे. पानांसाठी खऱ्या पानाचा सपाट उजेडात काढलेला फोटो चालतो. पळसाची तीन पानं एकत्र, फाल्गुनात पानं गळून फक्त फुलं, हे बारकावे घातले की चित्राला ऋतू येतो. रंगाच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवा. ऑगस्टचं शिवार आणि एप्रिलचं शिवार यांत काहीच साम्य नसतं. नमुन्यातला कायमचा हिरवा रंग दोन्हींसाठी खोटा आहे.

खऱ्या गावाची उंची कुठून आणायची?

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज सुमारे ३० मीटरच्या जाळीत कोणालाही फुकट मिळते. इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या दोन कॅमेऱ्यांवरूनही असाच उंचीचा नकाशा तयार केला आहे आणि तो इस्रोच्या ‘भुवन’वर उपलब्ध आहे. उंचीच्या अशा खऱ्या नकाशाला डीईएम म्हणतात. तो हाइटमॅपच असतो, फक्त त्यातले आकडे मोजलेले असतात.

३० मीटर म्हणजे किती, हे लोणारवरून समजतं. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम ६० ठिपके. विवराचा गोल आकार, आतला उतार हे सगळं त्यात झकास येतं. पण काठावरचं एखादं देऊळ, पाऊलवाट, पाण्याची धार यातलं काहीही येणार नाही. मग आपल्या वावराचा धुरा किंवा मीटरभर उंचीचा बांध दिसेल, अशी अपेक्षाच करू नये. उंचीतही काही मीटरची चूक असू शकते. जंगलात तर रडार झाडोऱ्यावरूनच बरंचसं परतलेलं असतं, त्यामुळे ताडोब्यातली जमीन असते त्यापेक्षा उंच दिसते.

क्यूजीआयएसमध्ये एक पायरी हमखास चुकते. उतरवलेला नकाशा बहुधा अक्षांश-रेखांशात असतो, म्हणजे लांबी-रुंदी अंशांत आणि उंची मीटरमध्ये. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरचा आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा भरतो. तसंच पुढे नेलं तर जमीन एका बाजूला ताणली जाते. म्हणून आधी नकाशा मीटरमध्ये बदलून घ्यायचा, त्यासाठी यूटीएम झोन निवडायचा. यूटीएम ही मीटरमध्ये मोजायची नकाशापद्धत, आणि झोन म्हणजे तिच्यात पाडलेले पृथ्वीचे उभे पट्टे. विदर्भाची गंमत अशी की ७८ अंश रेखांशाची रेषा आपल्या मधूनच जाते. बुलडाणा, अकोला, वाशीम, अमरावती ही शहरं तिच्या पश्चिमेला, त्यांना झोन ४३ उत्तर. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली पूर्वेला, त्यांना झोन ४४ उत्तर. यवतमाळ शहर रेषेच्या जरासं पूर्वेला पडतं, पण जिल्हा दोन्हींकडे आहे. तिथे आपल्या गावाचा रेखांश पाहूनच ठरवा.

आणि एक विनंती. आपली जमीन इतकी सपाट आहे की डोंगर उठून दिसावा म्हणून उंची तिप्पट-चौपट करण्याचा मोह होतो. सजावटीच्या चित्रात खुशाल करा. पण ग्रामसभेत पाणी अडवण्याच्या ‘माथा ते पायथा’ कामाची चर्चा करायला चित्र नेत असाल, तर उंची किती पट केली ते चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहा. लोक त्या चित्राकडे पाहून बंधाऱ्याची जागा सुचवतात. त्यांची फसगत होता कामा नये.

“फुकटचं म्हणजे हलकंच असणार ना?”

फुकट दोन प्रकारचं असतं. ब्लेंडर आणि क्यूजीआयएस ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. ब्लेंडरचा कोड २००२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून तो कोणीही वापरू शकतं, त्यात केलेलं काम विकू शकतं, कुणाला काही द्यावं लागत नाही. मोठे स्टुडिओही ते वापरतात. यात हलकं काही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे विकाऊ सॉफ्टवेअरची मर्यादित आवृत्ती. वर्ल्ड मशीन, गाया यांच्या फुकट आवृत्तीत जाळी साधारण हजार बाय हजार गाठींपर्यंतच मिळते. ही मर्यादा किती जाचक आहे, ते तुम्ही केवढी जमीन घेता यावर ठरतं. १० किलोमीटरचा चौरस घेतला तर दोन गाठींत १० मीटर अंतर पडतं आणि गावातला नाला, पांदण रस्ता पार हरवतात. २ किलोमीटरचं शिवार घेतलं तर तेच अंतर २ मीटर होतं आणि शिकायला भरपूर वाव मिळतो. फुकट आवृत्तीत केलेलं काम विकता येतं का, हे मात्र परवान्यात वाचून घ्या. टेराजेन आणि वर्ल्ड मशीनच्या फुकट आवृत्त्या बिनव्यावसायिक वापरापुरत्याच आहेत.

तिसराही एक मार्ग लोक धरतात, पेन ड्राइव्हवर फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं. ती घेऊ नका, असं मी हात जोडून सांगतो. त्यातून व्हायरस येतो हा एक भाग झाला. पण पहिलं चांगलं काम हाती आलं आणि समोरच्याने परवाना विचारला, तर ते काम तिथेच संपतं. चांगली मोफत साधनं असताना पोरांनी आपल्या कामाची सुरुवात चोरीच्या साधनाने करावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आज शिकलेलं उद्या बंद पडलं तर?

पडतं. ब्राइस नावाचं सॉफ्टवेअर १९९४ मध्ये आलं. निसर्गचित्रं काढणाऱ्यांची एक पिढी त्याच्यावर शिकली. मग त्यातली सुधारणाच थांबली आणि ते मागे पडलं. व्ह्यू तर एकेकाळी या क्षेत्रातलं मोठं नाव. २०१५ मध्ये बेंटली सिस्टीम्सने त्याची कंपनी घेतली आणि २०२४ मध्ये विकास बंद करून शेवटच्या आवृत्त्या फुकट वापरायला दिल्या. आज व्ह्यू उतरवता येतं, झाडं बनवणारं त्याचं जोडसॉफ्टवेअर प्लँटफॅक्टरीही मिळतं आणि ते झाडांसाठी अजून कामाचं आहे. पण दोष निघाला तर दुरुस्त करणारं कोणी नाही. उद्या विंडोज बदललं आणि ते चाललं नाही, तर काही इलाज नाही. नव्या माणसाने आपलं सगळं शिक्षण त्याच्यावर उभं करू नये.

म्हणून मी तिसऱ्या प्रश्नावर एवढा अडून बसतो. सॉफ्टवेअरची स्वतःची फाईल त्या सॉफ्टवेअरबरोबर जाते. १६ बिटची टिफ किंवा पीएनजी कुठेही उघडते. झाडं, दगड, घरं यांच्यासाठी ओबीजे किंवा जीएलटीएफ हे सर्वत्र चालणारे प्रकार आहेत. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एकच परीक्षा घ्या. आपल्या गावाभोवतीची थोडी जमीन त्यात आणा, पाऊस पाडा, हाइटमॅप बाहेर काढा आणि क्यूजीआयएस किंवा ब्लेंडरमध्ये उघडा. उंची शाबूत राहिली, तर सॉफ्टवेअर घ्यायला हरकत नाही. फुकट आवृत्ती बाहेर काढूच देत नसेल, तर तेही आधीच कळलं.

“आमचा लॅपटॉप साधा, आणि लाईन कधीही जाते”

८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस चालतं, ब्लेंडरमध्ये लहान देखावे होतात. पैसे जमले की आधी रॅम १६ जीबी करा, ग्राफिक्स कार्डाचा विचार नंतर.

लाईनचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर उपायही आहे. दहा सेकंदांची चित्रफीत म्हणजे सेकंदाला २५ चित्रांप्रमाणे २५० चित्रं. एका चित्राला चार मिनिटं लागली तरी जवळपास पावणेसतरा तास होतात. एवढ्या वेळात लाईन जाणारच. थेट व्हिडिओ फाईल बनवायला लावली असेल आणि मध्येच संगणक बंद पडला, तर सगळं पाण्यात. म्हणून कायम वेगवेगळी पीएनजी चित्रं काढायची आणि शेवटी त्यांची चित्रफीत जोडायची. ब्लेंडरमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढून टाकली, की लाईन आल्यावर ते आधी झालेली चित्रं सोडून पुढून सुरू होतं. लाईन गेली त्या क्षणी लिहिलं जात असलेलं शेवटचं चित्र अर्धवट राहिलेलं असू शकतं, तेवढं पुसून टाकायचं.

“एआय एका ओळीत डोंगर काढून देतं, मग हे कशाला?”

एआय चित्र काढतं. त्या चित्रातल्या डोंगराला उंचीचे आकडे नसतात. त्याच्याभोवती फिरून पाहता येत नाही, पाणी कुठे वाहील ते विचारता येत नाही. तुमच्या गावचा नाला तुमच्या गावच्या जागीच असेल, याचीही खात्री नाही. पोस्टरच्या पार्श्वभूमीला चित्र हवं असेल तर एआय वापरा. मोजमाप लागणार असेल तिथे ते अजून पुरं पडत नाही.

गावात याचं काम मिळतं का?

मोठ्या स्टुडिओंची कामं अजून मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडेच जास्त आहेत. तिथे जायचं असेल तर ब्लेंडरबरोबर गाया आणि अनरियल शिकावं लागेल, आणि स्वतःच्या कामाचे नमुने लागतील. त्या नमुन्यांत बर्फाळ शिखरांपेक्षा कोणीच न केलेलं पूर्णेचं काळं खोरं किंवा नवेगावबांधचा जलाशय जास्त उठून दिसेल, असं मला मनापासून वाटतं.

इथे राहून करायची कामं लहान आहेत, पण आहेत. पाणलोटाचं चित्र, पर्यटनस्थळाचा माहितीफलक, शाळेसाठी तालुक्याचा उठावाचा नकाशा. फेब्रुवारी २०२१ मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशे तयार करायला पूर्वीसारखी आगाऊ परवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांवरचे निर्बंध मात्र कायम आहेत, आणि विदर्भात संरक्षण खात्याचे कारखाने आणि डेपो आहेत, तेव्हा तेवढं भान ठेवा. ड्रोनचे नियम आणखी वेगळे, ते आधी वाचा.

कामाची किंमत ठरवताना रेंडरचा वेळ आणि विजेचा खर्च वेगळा लावा. आणि ग्रामपंचायतीला काम सोपवताना नुसतं छापील चित्र देऊ नका. १६ बिटची टिफ फाईल द्या, यूटीएम झोनचा क्रमांक द्या, उंची किती पट केली ते कागदावर लिहून द्या. पुढच्या वर्षी नवा बंधारा दाखवायचा झाला, तर दुसऱ्या कोणालाही, कोणत्याही सॉफ्टवेअरात, त्यावरून पुढचं काम करता येईल.